उपास मामीचा, साखर मामांची

बंगळुरू
२० नोव्हेंबर २०२४

मामा, नमस्कार.

फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, कामाचं असेल ते कागदावर असावं, हा तुमचा नियम मी पाळते आहे. पवनानगरच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाशी याबाबत वाद घालण्यात अर्थ नाही.

आज तुमच्या नावाने एक खोकं पाठवलं. त्यात साखर मोजणारे दोन सेन्सर आहेत. ते आमच्याच कंपनीत तयार होतात आणि ते तपासणाऱ्या विभागात मी काम करते. तेव्हा यंत्राविषयी शंका आली, तर ती माझ्याविषयी आहे असं मी समजेन.

रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी चकती आहे. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायची. आत केसासारखी बारीक तार जाते. दिवाळीत मामीला मी वांग्यावर लावून दाखवली होती, तसंच. एक चकती चौदा दिवस चालते, मग दुसरी. फोन चकतीपासून वीस फुटांच्या आत ठेवा. आकडे फोनवर येतात आणि तिथून मला इथे दिसतात.

लोणावळ्याच्या डॉक्टरबाईंना वर्ष संपताना अहवाल हवा आहे. गोळ्या लागू पडत नाहीत असं त्यांना वाटतं आहे. अहवाल वाईट आला तर इन्शुलिन सुरू करणार, म्हणजे रोज सुई.

शेवटचा मुद्दा. लशीच्या वेळी शाळेतल्या रांगेत तुम्ही शेजारच्या सखाराममामांना पुढे केलंत आणि मागच्या दाराने घरी गेलात, हे मला माहीत आहे. इथे दुसऱ्याला पुढे करण्याची सोय नाही.

मामी बरी आहे असं मामी म्हणते. सध्या तेवढ्यावर भागवते.

इंद्रायणी


पवनानगर
३ डिसेंबर २०२४

चिरंजीव इंदू, मामाचा आशीर्वाद.

खोकं मिळालं. शिक्का लय पुसट. आमच्या वक्ताला असा शिक्का मारला असता तर सायबानं पुन्यांदा मारायला लावला असता. असू दे.

आमुश्या हुती म्हणून दोन दिस थांबलो. काल सकाळी आंघोळ करून, देवाला हात जोडून यंत्र दंडाला लावलं. आगं, मुंगी चावल्यागत बी झालं न्हाई! डोळं सताड उघडं ठेवून बसलो. हूं न्हाई का चूं न्हाई. कुणी बघितलं असतं तर म्हणला असता, ह्यो गडी फौजेत का गेला न्हाई?

माझ्या पथ्याची काळजी करू नको. तुझी मामी सगळं बघती. मला नाचणीची भाकरी येगळी, आमटी येगळी, उठल्या उठल्या कारल्याचा रस. साखरेचा डबा तिनं असा दडवलाय, पोलिसाला घावायचा न्हाई. सकाळी गोळी हातावर ठेवती, तांब्या घेऊन हुबी राहती. पारावर गेलो की लोक इचारत्यात, "भाऊ, आज साखर किती?" मी आकडा सांगतो. शर्यतीत कुणाचं बैल पुढं ते सांगावं तसं कान देऊन ऐकत्यात.

आन् मामी ठणठणीत हाय. गुरं, चूल, धरणावरच्या कॅम्पवाल्यांचं डबं, सगळं येकटी रेटती. तिला कसली साखर? ती तर गोड बोलत बी न्हाई.

येक सांगून ठेवतो. रिपोर्ट असा येणार हाय की डॉक्टरीणबाई भिंतीवर लावतील.

तुझा मामा
श्रीपती


बंगळुरू
९ डिसेंबर २०२४

मामा, नमस्कार.

धाडसाबद्दल अभिनंदन. आठवड्याचा आलेख समोर आहे. तो भिंतीवर लावण्यासारखा नाही. सरासरी दोनशे तीसच्या घरात आहे आणि काही गोष्टींचा उलगडा मला होत नाही.

तुम्ही साडेबाराला पाटावर बसता. सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा भिंतीवरचं घड्याळ मी तुमच्या जेवणावरून लावायचे. आलेखात मात्र दुपारचं जेवण साडेतीनला आहे, रोज. हा उशीर कशामुळे?

रात्री एक चढ येतो, पाठोपाठ दुसरा लहान, मग आणखी एक. एकदा ताट वाढून घेऊन जेवणाऱ्या माणसाचा आलेख असा येत नाही. पातेल्यात उरलेलं थोडं थोडं संपवत बसलं की येतो. तुम्ही रात्री भांडी रिकामी करता का?

आणि तापमान जास्त झाल्याचा इशारा तीनदा आला आहे, तिन्ही वेळा सकाळी. चुलीच्या तोंडाशी बराच वेळ बसल्याशिवाय तो येत नाही.

सविस्तर लिहा. बढाई वगळलीत तरी चालेल.

इंद्रायणी


पवनानगर
१३ डिसेंबर २०२४

चिरंजीव इंदू,

यंत्र बिघडलंय. तू मनाला लावून घिऊ नको, पण बिघडलंय. येवढी साखर यायचं कारणच न्हाई. म्हणजे माझ्यासारख्या पथ्याच्या माणसाला.

चुलीचं म्हणशील तर थंडी लय पडलीया, शेकत बसतो. उशिरा जेवतो कारण भूक लागत न्हाई. भांडी रिकामी करतो कारण अन्न टाकू ने. झालं समाधान?

आता तुला पुरावाच देतो. मंगळवारी मी दिसभर वडगावला हुतो, तहसीलात, सात-बाराच्या उताऱ्यासाठी. फोन खिशात. तितनं तुला सायबाच्या टेबलावरच्या कुंडीचा फोटो बी धाडला. तरी बुधवारी फोन बघतो तर मंगळवारी सकाळी बी तापमान जास्त! तहसीलात चूल असती का?

आता येक दुसरंच इचारतो. समज, येखादी बाई हाय. धडधाकट. डोईवर दोन हांडं घेऊन चढ चढती. तिच्या दंडाला ह्ये यंत्र लावलं आन् असंच आकडं आलं, तर काय समजायचं? यंत्र खोटं, का बाईलाच काय झालंय? आन् झालं असंल तर तिनं आपल्या माणसाला सांगितलं का नसंल?

सखारामच्या बायकोसाठी इचारतोय. उत्तर लवकर दे. सखाराम काळजीत हाय.

तुझा मामा


बंगळुरू
१७ डिसेंबर २०२४

मामा, नमस्कार.

यंत्र बिघडलेलं नाही. कसं, ते लिहिते.

मंगळवारी सकाळी सेन्सरचा आणि फोनचा संपर्क तुटला आणि संध्याकाळी पुन्हा जुळला. मधले आकडे सेन्सरने जपून ठेवले होते, ते नंतर आले. चुलीचा इशारा त्यातलाच. फोन तुमच्या खिशात वडगावला होता, हे तुम्हीच लिहिलंत. कुंडीचा फोटोही मिळाला. झाडाला पाणी हवं आहे. म्हणजे फोन तुमच्यासोबत होता आणि सेन्सर नव्हता. सेन्सर दंडाला चिकटलेला असतो. तेव्हा निष्कर्ष एकच निघतो: तुम्ही दंड पवनानगरला ठेवून तहसीलदार कचेरीत गेला होतात. सरकारी कामाला अशी अट असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दंड कोणाचा, हे मी विचारत नाही.

सखाराममामांच्या पत्नीविषयी. आमच्याकडे आलेख येतात तेव्हा नावं झाकलेली असतात, तरी बाईचा आलेख बहुधा ओळखू येतो. जेवण सगळ्यांनंतरचं असतं आणि घरात कार्य असलं की तिचं सगळं वेळापत्रक कोसळतं. पुरुषांचाही ओळखू येतो. रविवारच्या मटणावरून. तेव्हा यंत्र खोटं नाही आणि बाईही धडधाकट नाही. तिने डॉक्टरकडे जायला हवं. नवऱ्याला का सांगितलं नाही, हे मात्र यंत्र मोजत नाही. ते नवऱ्याने विचारायचं असतं. सखाराममामांनी विचारलं का?

चकती आहे त्या दंडावरून काढू नका. सोबत मामीसाठी बंद पाकीट आहे. सगळ्या नोकरीत तुम्ही परक्याचं पाकीट उघडलं नाहीत, यावर विसंबून पाठवते आहे.

इंद्रायणी


(सोबतच्या पाकिटात)

मामी,

दोनच प्रश्न. तुला साखर आहे हे तुला कधीपासून माहीत आहे? "माहीत नव्हतं" हे उत्तर मी धरणार नाही.

दुसरा. तू गोळी घेतेस का? काही सकाळी तुझी साखर अशी घसरते, की गोळीशिवाय ते होणार नाही. आणि तुझ्या नावावर तर गोळी नाही.

उत्तर येईपर्यंत कुठलाही उपास धरू नकोस.

इंदू


पवनानगर
२२ डिसेंबर २०२४

बाय इंदू,

तुझं पाकीट काल मिळालं. ह्यांनी उघडलं न्हाई. उन्हात धरून बघितलं, त्ये मी खिडकीतनं पाह्यलं. पण उघडलं न्हाई.

तू लिवलंस, उपास धरू नको. त्ये वाचस्तोवर चतुर्थी होऊन गेलती. बुधवारी काय झालं त्ये ह्ये तुला धड सांगायचे न्हाईत, म्हणून मी सांगते.

सकाळपासनं नुसत्या च्यावर हुते. दिवस बुडाला, चंद्राची वाट बघत उंबऱ्यात बसले, तर हात थरथराया लागले. येवढ्या थंडीत घाम फुटला. ह्यांच्याकडं बघितलं तर दोन दोन दिसाया लागले. येक झेपत न्हाई हितं, दोन कुटं ठिवू? ह्यांना वाटलं मी चिडलेय. म्हणून ह्ये जरा लांब सरकून बसले.

तेवढ्यात तुझा फोन. तू काय म्हणालीस त्ये ह्यांनी मला मागनं सांगितलं. "मामा, चकती ज्याच्या दंडाला आहे त्याला चार चमचे साखर पाण्यातून आत्ता द्या. बाकीचं नंतर बोलू."

आता साखर कुटं हाय? तांदळाच्या पिंपात, तळाला. ह्यांच्या भ्यानं मीच दडवलेली. सांगाया गेले तर जीभ वळंना. ह्ये सैपाकघरात डबं उघडत सुटले. मीठ चाखलं. खायचा सोडा चाखला. आक्खा जलम ह्या चुलीवरचं जेवले, पण कुटल्या डब्यात काय त्ये ठावं न्हाई. मग तसंच अनवाणी सखारामच्या दारात. पुढचं त्याच्या बायकोनं, येसूबाईनं मला सांगितलं.

"येसूबाई, साखर द्या! वाटीभर!"

"अवो भाऊ, तुमाला? बयावयनी माझी चामडी सोलतील."

"माझ्यासाठी न्हाई गं!"

"मागल्या आठवड्यात गूळ न्हेलात तवा बी पाव्हण्यासाठीच म्हणालता. कुटं हाय त्यो पाव्हणा?"

तवा ह्ये आळीत हुबं ऱ्हाऊन वरडले, "माझ्या बायकोला साखर झालीया! ती उंबऱ्यात पडलीया! दे लवकर!"

येसूबाई वाटी घिऊन ह्यांच्या बी पुढं पळाली. पाणी तिनंच पाजलं. ह्ये नुसतं माझं डोकं धरून बसले हुते, फुटक्या घागरीला धरावं तसं.

दोन वर्सं मी झाकून ठेवलेलं, ह्यांनी येका हाळीत सगळ्या आळीला सांगितलं.

व्हय, दोन वर्सं. शाळेत तपासणीचं शिबिर झालं, तवा कळलं मला. चिठ्ठी चुलीत घातली. आगं, येका घरात येकच ताट येगळं वाढता येतं. दोघं बी पाटावर बसलो, तर वाढणार कोण?

गोळीचं इचारलंस. ह्यांना गोळी नको असती. तोंडात धरत्यात, मी वळले की खिडकीच्या फळीवर ठेवत्यात. त्यांना वाटतं मला ठावं न्हाई. पैशाची गोळी, टाकवत न्हाई. उरलेली भाकरी खाते तशी उरलेली गोळी बी मीच खाते. उपासाला गोळी चालती, तिच्यात अन्न न्हाई, म्हणून बुधवारी बी घेतली.

आन् चकतीचं ऐक. ह्ये सुई बघूनच पांढरे पडले. मग म्हणाले, "बया, चतुर्थी तू धरतीस, पुण्य मला. वडाला फेरं तू मारतीस, आयुष्य मला. मग चकती तुझ्या दंडाला आन् साखर माझी, ह्यात काय वावगं?" वर म्हणाले, तू धडधाकट, रिपोर्ट झ्याक यील, माझी सुई टळंल. मला हसू दाबता दाबंना. मला ठावं हुतं, आकडं काय येणार त्ये. म्हणलं, लाव की. माझी साखर ह्यांच्या नावावर गेली, तर तरी कोण इचारतंय का बघू.

तर तूच इचारलंस. पत्रांवर पत्रं.

काल दुपारी ह्ये मला म्हणले, "आधी तू बस." ताट वाढलं. भाकरी मोडकी, निम्मी आमटी भुईला. मी बसले. लय लाज वाटली, बाय. ह्ये समोर बसून माझा घास न् घास बघत हुते. तुझं यंत्र बरं, त्ये निदान डोळं तरी वटारत न्हाई.

तुझी मामी
बयाबाई


बंगळुरू
२८ डिसेंबर २०२४

मामी,

पत्र मिळालं. उत्तरं स्पष्ट होती, त्याबद्दल आभार.

मामांची गोळी तू आजपासून घ्यायची नाहीस. ती साखर खाली ओढते. पोटात अन्न नसेल तर ओढतच राहते. उरलेली भाकरी आणि उरलेली गोळी यांत एवढा फरक आहे. फळीवर सापडली तर मामांच्या ताटात, पहिल्या घासाखाली ठेव.

दोघं मिळून लोणावळ्याला जा. दंड तुझा होता, हे डॉक्टरबाईंना सांगा. नाहीतर तुझ्या साखरेचं इंजेक्शन मामांना मिळेल आणि तुला नेहमीप्रमाणे पुण्य.

आता तुझ्या प्रश्नाचं. दोघं पाटावर बसलात तर वाढणार कोण, असं तू विचारलंस. पातेली मध्ये ठेवा. हात दोघांनाही आहेत. मामांचा दंड तर वापराविना अगदी नवा आहे.

खोकं पाठवलं आहे: दोघांसाठी एकेक चकती आणि तुझ्यासाठी माझा जुना फोन. दंड उसना मागायला मामा पुन्हा येतील. देऊ नकोस.

मंगळवारी मी उपास धरू नकोस असं पत्राने कळवलं आणि बुधवारी चतुर्थी निघाली. यापुढे साखर उतरली तर मी पत्र लिहिणार नाही, फोन करीन. मामांचा नियम तेवढ्यापुरता बाजूला. त्या दिवशी फोन ठेवल्यावर तुझी रेघ वर वळेपर्यंत मी स्क्रीनसमोर होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने न सांगता पाणी आणून दिलं. का आणलं, ते मी तिला विचारलं नाही.

इंदू


पवनानगर
८ जानेवारी २०२५

चिरंजीव इंदू, मामाचा आशीर्वाद.

आता तुझ्यापासनं काय दडवायचं? तुला हितनं शेकडो कोस लांब बसून आमचं पातेलं दिसतं.

सोमवारी धोंडिबाच्या जीपमधनं लोणावळ्याला गेलो, दोघं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, म्हणाल्या, "श्रीपतराव, ही साखर तुमची?" मी म्हणलं, "बाई, नाव माझं, दंड हिचा." त्या म्हणाल्या, "आणि गोळ्या?" मी म्हणलं, "गोळ्या बी हिच्याच पोटात." तवा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठिवला. म्हणाल्या, "तुम्ही गोळी खाल्लीच नाही, आणि मी वर्षभर ती लागू का पडत नाही म्हणून डोकं फोडते आहे!"

मग माझं रगत काढलं. मोठ्या सुईनं. इंदू, पह्यल्या पत्रात मुंगी लिवलीती, त्ये खोडून टाक. इंगळी लिही.

निकाल असा. तुझ्या मामीला तिची सोताची गोळी, सोताची फाईल, निळ्या रंगाची. त्या म्हणाल्या, जेवण येळेवर आन् उपाशी ऱ्हायचं न्हाई, दोघांनी बी. मला तीन म्हैन्यांची मुदत. गोळ्या खऱ्या खायच्या, मग बघू सुईचं. गोळी गिळून तोंड उघडून दाखवायचं, असं तुझ्या मामीनं ठरवलंय. लहान पोरागत जीभ वर करून दाखवतो. कुणाला सांगू नको.

चकती लावली. ह्या बारीला माझ्याच दंडाला. फोटो धाडलाय, दंडासंगट माझं तोंड बी येऊ दिलंय, म्हणजे तुझा संशय नको. तुझी मामी चकती लावताना म्हणाली, "डोळं मिटा, वांगं समजा." मी डोळं मिटलं. तिचा हात मात्र धरून ठिवला हुता, घट्ट.

कॅम्पवाल्यांना सांगितलं, डबं दीडला मिळतील, आधी घरातली माणसं जेवतील. येक म्हणला, "काका, आम्हाला उशीर होतो." मी म्हणलं, "हिला आजवर झाला, तवा तुमी कुटं हुता?" मग माझं मलाच वाटलं, मी तरी कुटं हुतो?

सखारामला मी तुझा निरोप दिला न्हाई. त्याच्या बायकोला काय बी झालेलं न्हाई, तुला ठावं हाय.

पारावर आता लोक इचारत्यात, "भाऊ, वयनींची साखर किती?" तिचा बी आकडा मला पाठ हाय. ती रागावती. म्हणती, माझं दुखणं पारावर न्हेऊ नका. पण मी म्हणतो, दोन वर्सं पिंपाच्या तळाला ठिवलं, काय निपजलं?

येक ठरवलंय. तिनं माझ्यासाठी किती चतुर्थ्या धरल्या, मोजदाद न्हाई. आता तिला डॉक्टरीणबाईंनी बंद केलंय. मला बी केलंय, पण गडीमाणसाला येका दिसानं काय हुतंय? पुढल्या शुक्रवारची चतुर्थी मी धरणार. उपास माझा, पुण्य तिचं. तुझ्या मामीला अजून सांगितलं न्हाई. तू बी सांगू नको.

तुझा मामा
श्रीपती


बंगळुरू
१८ जानेवारी २०२५

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र काल सकाळी, चतुर्थीच्या दिवशीच मिळालं. दिवसभर फोन हातात घेऊन बसले होते. साखर ऐंशीच्या खाली गेली असती तर तुमच्या व्रताचा मान न ठेवता फोन करणार होते. गोळी घेऊन उपाशी राहणं म्हणजे काय, ते उंबऱ्यात तुम्ही पाहिलेलं आहे.

दुपारपर्यंत रेघ उतरत होती. आकडा ब्याण्णववर आला आणि मी तुमचा नंबर काढला. मग चारच्या सुमारास ती वळली आणि सावकाश, साधारण दोन भाकऱ्यांएवढी वर गेली. भाकऱ्या बहुधा नाचणीच्या होत्या. तांदळाच्या असत्या तर चढ याहून उभा आला असता. कालवण कोणतं, ते आलेखातून कळत नाही.

तेव्हा उपास सुखरूप पार पडला, असं मी नोंदवते. पुण्य किती जमा झालं, हे मोजणारं यंत्र आमच्याकडे नाही. मामीला मी काही कळवणार नाही.

दंड दिवसभर तुमच्याजवळच होता, याची मात्र नोंद घेतली आहे.

इंद्रायणी


पवनानगर
२३ जानेवारी २०२५

बाय इंदू,

तुझं ह्यांना आलेलं पत्र मी वाचलं न्हाई. दुसऱ्याचं पत्र वाचायचं न्हाई, ह्या घरातला नेम हाय. पण वाचताना ह्यांचे कान लाल झाले आन् पत्र शर्टाच्या आतल्या खिशात गेलं. तेवढ्यावरनं मला कळलं, तुला कळलंय.

शुक्रवारी सकाळी ह्ये म्हणले, "आज मला भूक न्हाई." गोळी तर तोंड उघडून गिळलेली. पंचांग भिंतीला टांगलंय, मला वाचता येतं. समजले. ह्यांच्याशी वाद घालून उपेग न्हाई, गडीमाणसाचा नेम मोडला तर त्यो दुप्पट धरतो.

म्हणून मी मुद्दाम दोन नाचणीच्या भाकऱ्या केल्या, पिठलं केलं, लसणाची फोडणी दिली, आळीच्या टोकापतूर वास गेला आसंल. चुलीच्या उबेला टोपलीखाली झाकून ठिवलं. आन् चारच्या आत मोठ्यांदा म्हणले, "मी जरा येसूबाईकडं जाऊन येते. येळ लागंल बरं का." येसूबाईच्या परड्यातनं आमचं सैपाकघर सरळ दिसतं.

मी दिवेलागणीला आले. ह्ये ओसरीवर, तोंड बारीक करून. म्हणले, "चंद्र अजून दिसंना गं." मी म्हणले, "दिसंल की. तुमचा उपास न्हाई ना, मग तुमाला कशाला घाई?" ह्ये खाकरले.

आत गेले. टोपली हुती तशी झाकलेली, खाली काय बी न्हाई. जणू मांजरानं न्हेलं. पण बाय, फळीवर ताट बघितलं आन् पदर तोंडात कोंबला. ह्या माणसानं आक्ख्या जल्मात पह्यल्यांदा ताट घासलं हुतं. चोरी लपवायला. राख लावून, कडंनं, मागनं, असं लख्ख, की त्यात मला माझं तोंड दिसलं. मी घासते त्यापरीस चांगलं. उपडं ठेवायचं तेवढं ठावं नव्हतं, सुलटं ठेवलं.

मी काय बी बोलले न्हाई. तू बी बोलू नको. पुढल्या चतुर्थीला बी त्यांना धरू दे उपास. मी भाकऱ्या झाकून ठेवीन आन् येसूबाईकडं जाईन.

पुण्याचं देव बघंल. पुढल्या बारीला पिठल्याचं खरकटं पातेलं बी चुलीपाशी ठेवणार हाय.

तुझी मामी
बयाबाई